पेटीतल्या वह्या
(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाची शताब्दी म्हणजे शंभर वर्षे जपलेल्या पुस्तकांचा उत्सव, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. दाखल नोंदवहीत जी पुस्तके आली त्यांची नोंद असते. जी कधी आलीच नाहीत त्यांची नोंद कुठेच नसते. लिहिणाऱ्याने लिहिले, वही भरली, ती पेटीत गेली, पेटी माळ्यावर गेली आणि पुढच्या पिढीने घर बांधायला काढले तेव्हा ती वही रद्दीत गेली. अशा वह्यांचे एक अदृश्य ग्रंथालय प्रत्येक गावात असते. आजचा विषय त्या ग्रंथालयाचा आहे.

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा हा सारा पट्टा लिहित्या माणसांचा आहे. भजनी मंडळासाठी अभंग रचणारे, लेकीच्या लग्नात मंगलाष्टके करणारे, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नाटुकली लिहिणारे, जात्यावरच्या ओव्या आठवून उतरवून ठेवणारे लोक येथे घरोघरी सापडतात. त्यांना ‘हे लोकांपुढे का आणत नाही?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा एकच मिळते : ‘अजून नीट झालेले नाही.’ हे उत्तर विनयाचे वाटते. त्यात विनय असतोही. पण त्या विनयाच्या आड पुष्कळदा एक भय लपलेले असते, आणि ते भय ओळखल्याशिवाय वही पेटीबाहेर येत नाही.

या भागात त्या भयाला एक जादा पदर आहे. १९५६ पूर्वी छिंदवाडा जिल्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर एका राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा दुसऱ्या राज्यात राहिले. घरातली भाषा मराठी आणि शाळेतली, कचेरीतली हिंदी, असा संसार सुरू झाला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी भाषेची ही घडी तशीच आहे. येथल्या लिहिणाऱ्याच्या मनात म्हणून एक शंका कायम वस्तीला असते : आपली मराठी ‘खरी’ मराठी आहे का? तिच्यात हिंदी शब्द शिरले आहेत, क्रियापदे वऱ्हाडी-नागपुरी वळणाची आहेत, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही. पुण्या-मुंबईचा वाचक हसेल. तेव्हा आधी भाषा सुधारावी, मग लिहावे. आधी निर्दोष व्हावे, मग लोकांपुढे जावे. आणि तो दिवस उगवत नाही.

मराठी वाङ्मयाचा इतिहास या शंकेला काय उत्तर देतो, ते पाहण्यासारखे आहे. हा इतिहास परिपूर्ण माणसांनी परिपूर्ण ग्रंथ सिद्ध करून घडवलेला नाही.

प्रारंभ मराठी गद्याच्या प्रारंभापासूनच करावा. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. परंपरा असे सांगते, की मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली. मग अनुयायांनी आपापल्या स्मरणातून ते चरित्र पुन्हा उभे केले. स्मरणे अर्थातच तंतोतंत जुळली नाहीत. अशा वेळी परिपूर्णतेचा आग्रह धरणारा माणूस काय म्हणाला असता? ‘एक निश्चित पाठ ठरेपर्यंत काही लिहू नये.’ महानुभावांनी तसे केले नाही. ज्याच्या आठवणीत जसे होते तसे त्याच्या नावाने नोंदवले आणि एकाच लीळेचे निरनिराळे पाठ शेजारीशेजारी ठेवले. आपल्या अपुरेपणाची अशी प्रांजळ नोंद ठेवणारा ग्रंथ हाच आज मराठी गद्याचा पाया मानला जातो. त्याच परंपरेत नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या विद्वान शिष्याला मराठीतच लिहिण्यास सांगितले, कारण संस्कृतामुळे पंथातील साध्या बायाबापड्या ज्ञानाला मुकल्या असत्या. प्रतिष्ठेची भाषा कोणती, यापेक्षा ऐकणारा कोण, हा प्रश्न त्यांना मोठा वाटला. सातशे वर्षांपूर्वी विदर्भात घेतलेला हा निर्णय आजही सौंसरच्या लेखकाला धीर देणारा आहे.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, पतीकडून, आणि तेही तुकड्यातुकड्याने. पती म्हणजे नारायण वामन टिळक, मान्यवर कवी. नागपूर आणि राजनांदगाव ही आपल्या ओळखीची गावे त्यांच्या संसाराच्या वाटेवर होती. १९१९ साली टिळक गेले. त्यांच्या चरित्राच्या निमित्ताने पुत्र देवदत्त यांनी आईला आठवणी लिहिण्याचा आग्रह केला. घरात एवढा मोठा कवी होऊन गेलेला; त्याच्यापुढे आपली लेखणी ती काय, असे कोणाच्याही मनात यावे अशीच परिस्थिती होती. लक्ष्मीबाईंनी मात्र जसे बोलत होत्या तसे लिहिले. ते लेखन आधी ‘संजीवनी’ नियतकालिकातून क्रमशः आले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आणि चौथा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनाच्या वर्षी, १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. आज मराठी आत्मचरित्राचा विषय निघाला की विदुषींच्या आणि विद्वानांच्या आधी या शाळा न पाहिलेल्या बाईचे नाव घ्यावे लागते. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्याचा उरलेला मोठा भागही त्यांनीच रचला. थोर माणसाचे अपुरे काम हाती घ्यायला जे धैर्य लागते, ते निर्दोषपणाची वाट पाहणाऱ्याजवळ असत नाही.

तिसरे उदाहरण खानदेशातले. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्या वहीत काही दडवू शकत नव्हत्या. शेतात, जात्यावर त्या गात आणि सोपानदेव व एक नातलग ते टिपून घेत. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. ३ डिसेंबर १९५१ रोजी आई गेली. घरी उतरवून ठेवलेली ती गाणी कोणाला दाखवायला त्यांना संकोच वाटत होता. शिकलेल्या, छापल्या जाणाऱ्या कवितेच्या जगात अडाणी आईची बोलीतली गाणी कशी न्यावीत, हा तो संकोच. शेवटी ती आचार्य अत्रे यांच्यापुढे गेली. अत्र्यांनी ती ऐकताच त्यांचे मोल ओळखले, हे काव्य महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे योग्य नव्हे असे आग्रहाने सांगितले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. ज्या बोलीचा संकोच वाटत होता तीच त्या काव्याची कांती ठरली. पण या कथेची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. जे टिपले गेले ते उरले. जे टिपले गेले नाही ते त्या माउलीबरोबर गेले, आणि किती गेले याचा हिशेब आता कोणालाच मांडता येणार नाही.

बोलीचा विषय निघालाच आहे, तर वऱ्हाडातले एक नाव घेतले पाहिजे. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली आली. तिच्यातली माणसे वऱ्हाडी बोलतात. ती बोली प्रमाण मराठीच्या मुशीत ओतून ‘शुद्ध’ केली असती, तर कौतिकचे दुःख वाचकाच्या काळजापर्यंत पोचले असते का, याचा विचार प्रत्येकाने करावा.

शुद्धतेच्या भयाबद्दल आणखी एक गोष्ट. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत भर घातली. त्यापूर्वीच्या मराठीत अनुच्चारित अनुस्वारांची दाटी होती आणि ते अचूक देता येणे हे विद्वत्तेचे लक्षण समजले जाई. ते अनुस्वार नव्या नियमांनी काढून टाकले. म्हणजे १९६० साली जे पान अगदी निर्दोष होते, ते नव्या नियमांच्या कसोटीवर ठायीठायी अशुद्ध ठरले. त्या पानातले विचार मात्र जिथल्या तिथे राहिले. नियम पाळावेत, शिकावेत, शिकवावेत. त्याबद्दल दुमत नाही. परंतु जी रेषा दहा-वीस वर्षांनी स्वतःच सरकते, तिच्यापाशी पोचेपर्यंत तोंड उघडायचे नाही, असे व्रत घेणे शहाणपणाचे नव्हे. मुद्रितशोधन दुसऱ्याला करता येते. अनुभव मात्र ज्याचा त्यालाच लिहावा लागतो.

आता या साऱ्यांपेक्षा वेगळे, एका विद्वानाचे उदाहरण. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूरचा, शालेय शिक्षण अमरावतीचे आणि उच्च शिक्षण अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे. त्यांच्यासारख्या माणसाला अचूकतेचे महत्त्व कोणी शिकवायला नको होते. तरीही त्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चा घाट घातला तेव्हा सर्वज्ञ होण्याची वाट पाहिली नाही. नागपुरात ज्ञानकोशाची मंडळी उभी केली, भागभांडवल जमवले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले, पुढे बिऱ्हाड पुण्याला हलवले आणि १९२० ते १९२९ या काळात २३ खंड प्रसिद्ध केले. ज्ञानकोशाइतके अपुरेपणाचे भय दुसऱ्या कोणत्याच ग्रंथात नसते, कारण ज्ञान संपत नाही आणि छापून होईपर्यंत मागे पडते. केतकरांना त्या भयातून कशाने सोडवले असेल? त्यांच्या कामाची मांडणीच याचे उत्तर देते. त्यांनी वाचकाला आधी शब्द दिला होता. वर्गणीदाराने पैसे भरलेले होते, त्याला खंड हवा होता. ‘अजून नीट झालेले नाही’ हे उत्तर स्वतःला देता येते, वर्गणीदाराला देता येत नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड पुढे १९७६ साली आला, तोवर मराठी वाचकाच्या हाताशी केतकरांचा ज्ञानकोश होता.

हेच केतकर कादंबरीकारही होते. ‘गोंडवनातील प्रियंवदा’ ही त्यांची कादंबरी १९२६ची. तिचे नाव आपल्याच मुलखाची आठवण करून देते. केतकरांच्या कादंबऱ्यांत कलेची सफाई नाही, रचना ओबडधोबड आहे, पात्रे मध्येच समाजशास्त्र बोलू लागतात, हा आक्षेप त्यांच्यावर सतत घेतला गेला. आक्षेप खोटा नाही. तथापि समाजाकडे इतक्या निर्भयपणे पाहणारी कादंबरी त्या काळात सहसा दुसऱ्या कोणी लिहिली नाही, आणि म्हणूनच दुर्गाबाई भागवतांसारख्या चोखंदळ लेखिकेला ‘केतकरी कादंबरी’ या नावाचा स्वतंत्र ग्रंथ लिहावासा वाटला. सुबक आणि निर्जीव लेखनावर असे ग्रंथ लिहिले जात नाहीत.

येथे एक शंका रास्तपणे घेतली जाईल. मग काय, जसे सुचेल तसे खरडावे आणि लोकांच्या माथी मारावे? असा अर्थ कोणी काढू नये. पुनर्लेखन ही लेखकाची तपश्चर्या आहे आणि ती टाळणाऱ्याला वाचकही टाळतो. प्रश्न तपश्चर्येचा नसून तिच्या शेवटाचा आहे. या भागातल्या संत्र्याच्या बागवानाला हे नव्याने सांगायला नको. आंबिया असो की मृग, फळ कच्चे तोडले तर आंबट निघते, हे त्याला ठाऊक असते. पण पुरते रंगावे, आणखी रंगावे, म्हणून ते झाडावर ठेवतच गेले तर साल सैल पडते, रस आटतो आणि एके दिवशी फळ गळून मातीत पडते, हेही त्याला तितकेच ठाऊक असते. तोडणीचा दिवस ठरवणे हा बागाईतीचाच एक भाग आहे. लिहिणाऱ्याने सुधारणा कराव्यात. पण शेवटच्या दोन सुधारणांनी लेखन खरोखर सुधारले की केवळ बदलले, हे प्रामाणिकपणे पाहावे. नुसते बदलू लागले असेल, तर तोडणीचा दिवस आला असे समजावे.

रोमन महाकवी व्हर्जिल याने इसवी सनापूर्वी १९ साली मरताना आपले ‘एनिड’ हे महाकाव्य जाळून टाकावे अशी इच्छा व्यक्त केली होती, असे सांगतात. शेवटचा हात फिरवायचा राहून गेला होता. सम्राट ऑगस्टसने ती इच्छा मानली नाही. त्या काव्यात आजही पन्नासहून अधिक ओळी अर्ध्या राहिलेल्या आहेत, आणि दोन हजार वर्षे ते काव्य त्या अर्ध्या ओळींसह वाचले जात आहे. कवीला जी उणीव असह्य वाटली, ती वाचकाने इतकी शतके सहज सोसली. पण प्रत्येक वहीला सम्राट भेटत नाही. बहुतेक वह्यांना रद्दीवालाच भेटतो.

मग यावर उपाय काय? आपल्या वाङ्मयीन परंपरेत ते आधीपासूनच आहेत. फक्त त्यांच्याकडे उपाय म्हणून पाहिले पाहिजे.

पहिला उपाय टोपणनावाचा. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, अनिल, ग्रेस ही नावे आपण कौतुकाने घेतो. टोपणनावाचे एक व्यावहारिक काम असते. ते लेखन आणि लेखक यांच्यामध्ये हातभर अंतर ठेवते. टीका झाली तर ती लेखनावर होते, घरातल्या माणसावर होत नाही. डॉ. जयंत नारळीकर खगोलशास्त्रात जगन्मान्य झाले होते, तरी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे नाव. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून कथा उतरवून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नावाचे वजन बाजूला ठेवून लेखन कसे उतरते हे पाहण्याची ही रीत नवशिक्यालाही तितकीच उपयोगाची आहे.

दुसरा उपाय नियतकालिकाचा. आपल्याला वाटते, साहित्य म्हणजे बांधीव ग्रंथ. केशवसुतांची कविता त्यांच्या हयातीत ग्रंथरूपाने आली नाही. नागपुरात असताना ज्यांचा ना. वा. टिळकांशी परिचय झाला, त्या या कवीचे निधन १९०५ साली हुबळीला झाले. हरिभाऊ आपट्यांनी त्यांचा संग्रह काढला तो १९१७ साली. पण मधल्या काळात आधुनिक मराठी कविता थांबली नव्हती, कारण त्या कविता जळगावच्या ‘काव्यरत्नावली’सारख्या मासिकांतून एकेक करून वाचकांकडे पोचलेल्या होत्या. मेहकरचे ना. घ. देशपांडे यांचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४चा. पण ‘शीळ’ हे गीत त्याच्या सुमारे वीस वर्षे आधी, गजानन वाटव्यांच्याही आधीच्या पिढीतले गायक जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे, घरोघरी गेले होते. एक गीत पुढे जाते आणि संग्रहासाठी वाट मोकळी करते. ज्याला शंभर कवितांचे पुस्तक नीट करण्याचे दडपण येते, त्याने एक कविता नीट करावी आणि ती जाऊ द्यावी.

तिसरा उपाय पहिल्या वाचकाचा. लक्ष्मीबाईंना देवदत्त होते, बहिणाबाईंना सोपानदेव होते आणि सोपानदेवांना अत्रे होते. ही माणसे केवळ चुका काढणारी नव्हती. लेखनात काय जिवंत आहे ते ओळखणारी होती. लिहिणाऱ्याच्या मनात एक टीकाकार रात्रंदिवस बसलेला असतो आणि तो बहुधा निर्दय असतो. त्याच्याशी एकट्याने वाद घालून जिंकता येत नाही. समोर एक खराखुरा श्रोता बसला, की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. आपण ज्या ओळीची लाज धरली होती तीच ओळ श्रोता पुन्हा म्हणायला सांगतो, असा अनुभव वाचनाच्या बैठकीत येतो तो काही योगायोगाने नव्हे.

आणि इथेच ग्रंथालयाचा संबंध येतो. ग्रंथालयाने आजवर छापून आलेल्या पुस्तकांची वाट पाहिली. दुसऱ्या शतकात त्याने एक पाऊल पुढे टाकावे आणि लिहिलेल्या वह्यांची विचारपूस करावी. मराठी शाळा-महाविद्यालयांत आणि वाचनालयांत हस्तलिखित मासिकाची जुनी प्रथा आहे. एकच प्रत, सुवाच्य अक्षरात उतरवलेली, वाचनालयाच्या टेबलावर ठेवलेली. छपाईचा खर्च नाही, बाजाराचे भय नाही. चार ओळींत चूक राहिली तर पुढच्या अंकात दुरुस्ती करता येते. त्याबरोबर महिन्यातून एक संध्याकाळ वाचनासाठी राखून ठेवावी, आणि तिला एकच नियम असावा : लेखन पुरे झालेले असण्याची अट नाही, मात्र ठरलेल्या दिवशी ते वाचले गेले पाहिजे. केतकरांना वर्गणीदारांनी जी तारीख दिली, ती तारीख येथल्या लेखकाला ग्रंथालयाच्या सभासदांनी द्यावी. ज्या आश्रयदात्यांनी आजवर कपाटे दिली, त्यांनी आता कान द्यावेत. देणगी म्हणून तेही लहान नाही.

या कामाला उशीर परवडणारा नाही. सीमेच्या या बाजूला मराठी बोलणारी पिढी आहे, समजणारी पिढी आहे. लिहिणारी पिढी मात्र विरळ होत चालली आहे. येथली संत्र्याच्या बागांची भाषा, हातमागावरची भाषा, जामसावळीच्या यात्रेतली भाषा, दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढलेल्या मुलाच्या मनातली घालमेल, हे पुण्याचा लेखक लिहिणार नाही आणि भोपाळचाही लिहिणार नाही. ते येथल्याच वह्यांत आहे. ते चुकांसकट बाहेर आले तर पुढची पिढी चुका दुरुस्त करील. एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो ज्ञानेश्वरांनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. पण दुरुस्त करायला आधी काहीतरी हाती आलेले असावे लागते. कोऱ्या पानावर मुद्रितशोधन करता येत नाही.

शताब्दीच्या या प्रसंगी घरी गेल्यावर ज्यांच्या पेटीत अशी वही असेल त्यांनी ती एकदा उघडून पाहावी. आणि पुढच्या बैठकीला येताना, नीट झालेली असो वा नसो, ती बरोबर घेऊन यावी. दाखल नोंदवहीत जागा आहे.